सत्तर चिन्हांचा निरोप

मुलांनो, समजा, तुमचे घर पनवेलला आहे. संध्याकाळ झाली आहे. अब्बा मुंबईहून लोकलने यायचे आहेत. दादी पलंगावर बसली आहे. तिच्या मोबाइलवर टिंग असा आवाज होतो. ती फोन उचलते, डोळ्यांजवळ धरते आणि पुन्हा उशीखाली ठेवते. तिला उर्दू वाचता येते. पण निरोप इंग्रजीत आहे. "बँकेचे काहीतरी असेल," ती म्हणते.

तो निरोप बँकेचा नसतो, दवाखान्याचा असतो. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या असतील, सोमवारी तपासणीला या, एवढेच त्यात असते. सोमवार येतो आणि जातो. दादी घरीच राहते.

यात एवढे काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. म्हणून माणसाला वाटते, आपण बरे झालो. तो गोळी सोडतो. आत मात्र रक्तवाहिन्यांवर ताण पडत राहतो. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या हळूहळू अरुंद होतात. एखाद्या दिवशी त्यांतली एक बंद होते. हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि हृदयविकाराचा झटका येतो. तंबाखू, विडी-सिगारेट, मधुमेह आणि जास्त मीठ यांनी हा धोका वाढतो. दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा! आपल्या कोकणात सुके बोंबील, पापड आणि लोणचे एकाच पानात असले, तर हा चमचा केव्हा भरला ते कळतही नाही.

हे सारे डॉक्टर सांगतातच. पण डॉक्टरांची भेट पाच मिनिटांची आणि घरचे दिवस तीस. त्या तीस दिवसांत आठवण कोणी करून द्यायची? येथे मोबाइलचा छोटा निरोप उपयोगी पडतो.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात डॉ. क्लारा चाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले. हृदयविकार असलेले 710 रुग्ण त्यांनी निवडले. सर्वांचे नेहमीचे उपचार चालूच होते. त्यांतील निम्म्या रुग्णांना सहा महिने आठवड्यातून चार निरोप पाठवले. निरोप सरसकट एकच नव्हते. जो सिगारेट ओढत नाही, त्याला सिगारेटचा उपदेश नाही. जो शाकाहारी आहे, त्याला मांसाबद्दल सल्ला नाही. निरोप तयार करताना रुग्णांचेही मत घेतले होते. 2015 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. निरोप मिळालेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 128 होता, इतरांचा 136. निरोप मिळालेल्यांपैकी शंभरांत 26 जण धूम्रपान करत होते, इतरांपैकी 43.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 पुरुषांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. निरोप मिळालेल्यांपैकी 18 टक्के लोकांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी 27 टक्के. हा निकाल 2013 मध्ये छापून आला.

मात्र निरोप म्हणजे जादू नव्हे. डॉ. चाऊ यांनीच पुढे 1424 रुग्णांवर वर्षभर मोठी पाहणी केली. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निकालात, निरोपांमुळे लोक गोळ्या अधिक नियमित घेतात असे काही दिसले नाही. मला या शास्त्रज्ञांचे कौतुक वाटते ते यासाठी, की त्यांनी हा निकालही लपवला नाही.

महाराष्ट्राचे काय? 2017 मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा मोठा सरकारी उपक्रम देशात सुरू झाला. आरंभीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र होते. अशा उपक्रमात परिचारिका रुग्णाचा रक्तदाब मोबाइलमधील 'सिंपल' नावाच्या ॲपमध्ये नोंदवते. ठरलेल्या दिवशी जो आला नाही, त्याचे नाव ॲप दाखवते. मग त्याला निरोप पाठवता येतो किंवा फोन करता येतो. कोण चुकला हे कळणे, हेच अर्धे काम आहे.

आता उरलेले अर्धे काम, म्हणजे निरोप लिहिणे. ते सोपे वाटते, पण आहे का? साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरे मावतात. मराठी किंवा उर्दू लिपीत फक्त 70 चिन्हे! त्यापुढे गेलात, तर एका निरोपाचे दोन तुकडे होतात आणि पाठवणाऱ्याला दोन निरोपांचे पैसे पडतात. काना, मात्रा, वेलांटी हे प्रत्येक चिन्ह वेगळे मोजले जाते. उर्दूत 'दिल' हा शब्द दोन चिन्हांत लिहून होतो. मराठीत 'हृदय' लिहायला चार लागतात.

"आपण आपल्या आहारातील मिठाचे प्रमाण कमी करावे." हा निरोप 44 चिन्हांचा आहे. तो खरा आहे, पण वाचून करायचे काय? त्याऐवजी असे लिहा: "आज सुका बोंबील असेल तर पापड-लोणचे नको." चिन्हे 38, आणि घरात काय करायचे ते लगेच कळते. दादीचा निरोप असा लिहिता येईल: "सोमवारी बीपी तपासायला दवाखान्यात या. फाईल आणा." चिन्हे 46. तीच गोष्ट उर्दूत लिहिली, तर दादी फोन उशीखाली ठेवणार नाही.

वेळही पाहावी लागते. सकाळी स्टेशनच्या गर्दीत आलेला निरोप कोण वाचणार? रमजानमध्ये दुपारी एक वाजता "जेवणानंतर गोळी घ्या" असा निरोप आला, तर रोजा असलेल्या माणसाने काय करायचे? सहरी आणि इफ्तारच्या वेळी गोळ्या कशा घ्याव्यात, हे रमजानपूर्वीच डॉक्टरांना विचारायला हवे. आपल्या मनाने वेळ बदलू नये. म्हणून रमजान सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जाणारा निरोप खरा कामाचा.

आणि छातीत दाब येत असेल, घाम फुटला असेल, डावा हात किंवा जबडा दुखत असेल, तर निरोपाची वाट पाहायची नाही. तेव्हा 108 क्रमांकावर फोन करायचा.

आज दादीचा फोन पुन्हा टिंग वाजला, तर तो उशीखाली जाण्याआधी मागून घ्या. बँकेचा निरोप असेल तर तसे सांगा. दवाखान्याचा असेल तर वार आणि तारीख मोठ्या उर्दू अक्षरांत कागदावर लिहा आणि तो कागद गोळ्यांच्या डबीला चिकटवा.

स्वाध्याय

१. दादीने फोन उशीखाली का ठेवला?
२. 'तंबाखू सोडा' या निरोपातील चिन्हे मोजा. मधली जागाही मोजा.
३. आपल्या घरातील एका माणसासाठी 70 चिन्हांच्या आत एक निरोप मराठीत आणि तोच उर्दूत लिहा. कोणता आखूड झाला?