कोणती फाइल नोंदावी, कोणती वगळावी

संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवावी लागते. काल नीट चालणारा प्रोग्रॅम आज कां अडला, हें शोधावयाचें तर कालचें रूप हाताशीं असावें लागतें. या कामीं रूढ असलेलें साधन म्हणजे 'गिट' होय; लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं तयार केलें. ज्या फोल्डरचा इतिहास गिट राखतें त्यास 'रिपॉझिटरी' म्हणतात. परंतु फोल्डरांत असेल तें सर्वच इतिहासांत घालणें इष्ट नव्हे. काय घालूं नये, हें विद्यार्थी बहुधा शेवटीं, उरकून टाकावयाचें म्हणून ठरवितात. वस्तुतः तें आरंभींच ठरवावयाचें असतें.

पहिली कसोटी सोपी आहे. जें मनुष्यानें लिहिलें तें ठेवावें. जें यंत्र त्यावरून पुनः तयार करूं शकतें तें वगळावें. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पांत 'नोड-मॉड्यूल्स' हा फोल्डर दुसऱ्यांच्या, उतरवून घेतलेल्या पॅकेजांनीं भरलेला असतो, आणि 'डिस्ट' या फोल्डरांत आपल्याच लेखनापासून यंत्रानें बनविलेलें रूप असतें. दोन्ही वगळावे. मात्र या कसोटीस दोन्ही बाजूंनीं अपवाद आहेत. 'पॅकेज-लॉक' ही फाइल यंत्रच लिहितें, तरी ती ठेवलीच पाहिजे. कारण कोणत्या पॅकेजची नेमकी कोणती आवृत्ति वापरली हें तींत असतें, व ती नसेल तर उद्यां तेंच यंत्र निराळ्या आवृत्त्या आणील. उलट 'एन्व्ह' नांवाच्या फायलींत डेटाबेसचा पासवर्ड आपण स्वहस्तें लिहितों. ती मात्र कधींही नोंदूं नये.

वगळावयाच्या फायलींची यादी 'गिटइग्नोर' नांवाच्या फायलींत लिहितात. (नांवाच्या आरंभीं टिंब असतें, तें विसरल्यास गिट त्या यादीकडे पाहतही नाहीं.) विद्यार्थिमित्रहो, ही यादी अद्याप न नोंदलेल्या फायलींनाच लागू होते, हें पक्कें ध्यानांत ठेवा. पासवर्डाची फाइल एकदां नोंदली गेली आणि मग तिचें नांव यादींत घातलें, तर कांहींच घडत नाहीं. गिट तिची नोंद ठेवीतच राहतें. 'गिट आरएम' ही आज्ञा 'कॅश्ड' या पर्यायासह देऊन ती पुढील नोंदींतून काढतां येते, तरी मागील इतिहासांत ती तशीच असते. म्हणून प्रथम तो पासवर्ड बदलून निरुपयोगी करावा. इतिहास धुण्याची खटपट मागाहून. रिपॉझिटरी खाजगी आहे, हें समाधानही पुरेसें नाहीं. २०१६ सालीं उबर कंपनीच्या खाजगी रिपॉझिटरींत चोरटे शिरले, तेथें त्यांना कंपनीच्या माहितीच्या साठ्याची किल्ली सांपडली, आणि प्रवासी व चालक मिळून ५ कोटि ७० लक्ष लोकांची माहिती त्यांच्या हातीं गेली. कंपनीनें हें जाहीर केलें तें २०१७ च्या नोव्हेंबरांत.

आपलें पॅकेज इतरांसाठीं प्रसिद्ध करावयाचें झालें, कीं प्रश्नच पालटतो. इतिहासास काय हवें हा एक प्रश्न. पॅकेज घेणाऱ्यास काय हवें हा दुसरा. 'डिस्ट' इतिहासास नको, पण घेणाऱ्यास तोच हवा. चांचणीच्या फायली इतिहासास हव्या, घेणाऱ्यास त्यांचा केवळ भार. जावास्क्रिप्टचीं पॅकेजें 'एनपीएम' या साधनानें प्रसिद्ध करतात. त्याची वगळण्याची यादी 'एनपीएमइग्नोर' ही होय. ती नसेल तर एनपीएम 'गिटइग्नोर'चीच यादी वापरतें. मग 'डिस्ट' गळतो, व घेणाऱ्याच्या हातीं पोकळ पॅकेज येतें. हें पाहून कोणी घाईनें 'एनपीएमइग्नोर' लिहितो. तत्क्षणीं एनपीएम त्या फोल्डरांतील 'गिटइग्नोर'कडे पाहणें सोडतें, आणि पासवर्डाची जी फाइल केवळ तेथेंच वगळलेली होती ती जगापुढें जाते. दोन्ही याद्या एकत्र मिळून लागू होतील, ही समजूतच या घाताचें मूळ आहे.

त्यापेक्षां 'पॅकेज-जेसन' या फायलींतील 'फाइल्स' या सदरांत काय न्यावयाचें तेवढेंच लिहावें, हें मला अधिक शहाणपणाचें वाटतें. वगळण्याच्या यादींत एक नांव विसरलें तर नको तें बाहेर जातें. नेण्याच्या यादींत विसरलें तर हवें तें मागें राहतें, आणि ही उणीव पहिल्याच वापरांत उघडकीस येते. प्रसिद्धीपूर्वीं 'एनपीएम पॅक' ही आज्ञा 'ड्राय-रन' या पर्यायासह द्यावी. कांहींही न पाठवितां ती जाणाऱ्या प्रत्येक फायलीचें नांव व आकार दाखविते. ती यादी ओळ न् ओळ वाचावी. प्रसिद्ध झालेलें पॅकेज ७२ तासांच्या आंत, अटी पाळून, मागें घेतां येतें. परंतु तोंवर कोणी उतरवून घेतलेली प्रत परत येत नाहीं.