पेटीचा गांधार

आमच्या लोणी भापकरच्या भजनाचे पेटीवाचून चालत नाही. पण शास्त्राच्या दृष्टीने पेटी थोडी बेसूरच असते, हे वाचून भजनीबुवा रागावतील!

षड्जाची कंपने सेकंदाला २४० धरू. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार त्याच्याशी ५:४ या प्रमाणात, म्हणजे ३०० चा. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले. तिचा गांधार ३०२.४, म्हणजे चढाच. पंचम ३६० ऐवजी ३५९.६, तो खपून जातो.

मग बावीस समान भाग पाडले तर? आपल्या श्रुतीही बावीसच ना! मी गणित करून पाहिले. गांधार २९९.२, पुष्कळ सुधारला. पण पंचम ३६१.५ वर गेला. पंचमच हलला तर गायचे कशाच्या आधाराने? त्रेपन्न भागांत दोन्ही जवळजवळ जुळतात, परंतु एवढ्या पट्ट्या वाजविणार कोण?

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० च्या ग्रंथात बावीस श्रुती मांडल्या, त्या असमान अंतरांच्या. क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याने त्याच विचाराने श्रुतींची पेटी करविली. आकाशवाणीने तर १९४० ते १९७१ पेटीवर बंदीच घातली होती. मला ती पटत नाही. गांधारावर थांबताना पेटीवाल्याने तेवढ्यापुरते बोट उचलावे व गाणाऱ्याने वीणा ऐकावी, असे मी आमच्या मंडळींना सुचविले आहे.