वाकवलेली मेणबत्ती

आमच्या नगरच्या मंडळीत आगमनकाळाच्या मेणबत्त्यांचं काम गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. चार रविवारी एकेक वाढवत न्यायची, नाताळला मधली पांढरी लावायची. एवढंसं काम, पण त्यानं मला घडवलं.

१. न पेटलेल्या मेणबत्त्याही बोलतात. पहिल्या वर्षी एकच ज्योत मला केविलवाणी वाटली होती. चारही लावाव्यात, वेदी उजळून निघेल, असं मनात आलं. आता त्या तीन काळ्या वातींकडेच डोळे लागतात. अजून यायचंय, असं त्या सांगतात.

२. ही रीत मुलांच्या उतावीळपणातून आली. १८३९ साली हाम्बुर्गमध्ये योहान विखर्न निराधार मुलांचं घर चालवत. मुलं रोज विचारत, नाताळ कधी? त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या : रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. शब्बाथ शाळेतली मुलं मलाही तेच विचारतात. पूर्वी मी त्यांना गप्प करायचे. आता काडी त्यांच्याच हाती देते.

३. आपली म्हणून जपलेली रीत वाडवडिलांची असतेच असं नाही. १८३१ मध्ये नगरला आलेल्या अमेरिकन मिशनची उपासना साधी : वचन, प्रार्थना, गायन. थोरल्या आत्याला मेणबत्त्या परक्या वाटत. मी वाद घालायचे. मग एका संध्याकाळी उपासनेत वीज गेली आणि शास्त्रपाठ वाचायची पाळी आत्याची होती. ती उठली, मेणबत्तीजवळ गेली, पुस्तक उजेडात धरून शेवटपर्यंत वाचलं. त्यानंतर आम्ही दोघी त्या विषयावर कधी भांडलो नाही. उत्तर भारताची मंडळी नागपुरात स्थापन झाली, तो २९ नोव्हेंबर १९७० चा दिवस आगमनाचा पहिला रविवार होता. निरनिराळ्या रीतींची माणसं त्या दिवशी एक झाली. आमच्या घरात तेवढ्याला आणखी बरीच वर्षं लागली.

४. उजेड घेणाऱ्यानं वाकायचं असतं. नाताळच्या आदल्या रात्री मी माझी पेटती मेणबत्ती तिरकी करून शेजारच्या मुलाची लावायला गेले आणि गरम मेण त्याच्या बोटावर सांडलं. तो रडला नाही, फक्त हात मागे घेतला. पेटलेली सरळ धरायची, विझलेली वाकवायची, हे मला तेव्हा उमगलं. देणारा वाकतो, असं मी उगाच धरून चालले होते.

५. उजेड कुणाकडून येईल, हे आपण ठरवत नाही. एकदा कॅथलिक मैत्रिणीबरोबर पुनरुत्थानाच्या जागरणाला गेले. चर्चमध्ये काळोख. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून एकच मोठी मेणबत्ती आत आली, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले. रांगारांगांतून उजेड सरकत आला. माझी मेणबत्ती मागच्या बाकावरच्या अनोळखी आजींनी लावून दिली. मी वाकले.

यंदा पहिल्या रविवारी एकच लावा. बाकीच्या तशाच राहू द्या, आणि काडी घरातल्या सर्वांत लहानाच्या हाती द्या.