रोजचा तांब्या

ती जाड पुठ्ठ्याची, हौसेने विकत आणलेली आणि पहिलं पान अजून कोरं असलेली वही आहे ना तुझ्याकडे, तिचं आधी काय करायचं ते सांगते. तिच्यावर सुटा कागद ठेव आणि वरून क्लिप लाव. आजपासून ती तुझी पाटी. रोज हाताखाली राहील, चहाचे डाग पडतील, कोपरे मऊ होतील. मग तिच्या आतल्या पानांचाही धाक वाटेनासा होईल.

चित्र काढायला बसलं की हात आखडतो, असं तू म्हणालीस. हात तुझा चांगला आहे, शाळेपासून बघत आलेय. पण कागद महाग, मोठा आणि पांढराशुभ्र असला की आता याच्यावर काहीतरी चांगलंच उतरलं पाहिजे, असं मनात येतं आणि तिथेच सगळं अडतं. म्हणून मी कागदापासूनच सुरुवात करीन.

कार्ट्रिज पेपरचा मोठा ताव घे. तो २२ बाय २८ इंचांचा असेल तर चार बाय साडेपाच इंचांचे बरोबर २८ तुकडे निघतात, लांबीकडून सात आणि रुंदीकडून चार. रविवारी दुपारी पट्टी आणि कटर घेऊन सगळे एकदम कापून ठेव, म्हणजे महिन्याची बेगमी झाली. हा तुकडा साधारण पोस्टकार्डाएवढा होतो, आणि त्याला कमी समजू नकोस. महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले ते १९३१ साली तिथूनच निवृत्त झाले. एवढ्या अधिकाराच्या माणसाने मोठमोठी तैलचित्रं केली, आणि मुंबईच्या रस्त्यावरची माणसं पोस्टकार्डांसाठीही तितक्याच मन लावून चितारली. लहान कागदावर सगळं मावत नाही. मग काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आपोआप ठरवावं लागतं, आणि चित्रकलेतलं अर्धं शहाणपण तिथेच आहे. शिवाय तो मांडीवर बसतो, पंधरा मिनिटांत भरतो आणि बिघडला तर जीव हळहळत नाही.

हत्यार एकच ठेव. साधं निळं किंवा काळं बॉलपेन, नाहीतर टू-बी पेन्सिल. खोडरबर घरात कुठेही असू दे, त्या पाटीजवळ नको. त्याचं कारण नीट समजून घे. खोडायला लागलीस की डोळे वस्तूवरून उठतात आणि कागदाला चिकटतात. खोडून होईपर्यंत मघाशी काय दिसलं होतं ते निसटलेलं असतं. त्यापेक्षा चुकलेली रेघ तशीच राहू दे आणि तिच्या शेजारी दुसरी मार. पहिली किती बाहेर गेली हे दिसतं, म्हणून दुसरी बरोबर पडते. चुकलेली रेघ पुसून टाकलीस तर मोजायला काही उरत नाही.

आता विषय. सकाळी कागद समोर घेऊन ‘आज काय काढू?’ असा विचार सुरू झाला की पंधरा मिनिटं त्यातच जातात आणि हातात मोबाईल येतो. म्हणून महिनाभर एकच वस्तू धर. मी वर्गात तांब्या ठेवत असे, साधा स्टीलचा, पाण्याचा. तूही तोच घे. घरात असतो, हलत नाही, आणि दिसतो त्यापेक्षा फार अवघड आहे.

त्याच्या तोंडाची गोल कड आपल्याला लंबगोल दिसते, हे तू वस्तुचित्रात शिकलीस. आता बूड बघ. ते डोळ्यांच्या पातळीपासून तोंडापेक्षा जास्त खाली आहे. त्यामुळे तिथला गोल अधिक उघडलेला दिसतो आणि त्याची पुढची कड अधिक वाकते. पण बहुतेक मुलं तोंड छान लंबगोल काढायची आणि बुडाला सरळ रेघ मारून मोकळी व्हायची. तांब्या सपाट ओट्यावर बसतो हे डोक्याला माहीत असतं ना, मग डोळ्यांना कोण विचारतो! चित्रातला तांब्या खालून सुरीने कापल्यासारखा दिसायचा. फळ्यावर मोठा गोल काढून समजावलं, तर सगळ्या माना हलायच्या आणि पुन्हा सरळ रेघच यायची. तोच तांब्या त्याच टेबलावर आठवडाभर ठेवला की मात्र एखाद्या दिवशी एखादी मुलगी रेघ मारता मारता थबकायची. एक डोळा मिटायची, पेन्सिल आडवी धरून बुडाशी लावायची, पुन्हा कागदाकडे बघायची, आणि मग रेघ वाकायची. कुणी न सांगता. त्या मुलीला पुढे वाटी, टोपलं, विहिरीचा काठ, कशालाही काही सांगावं लागत नसे. म्हणून म्हणते, बदलता विषय नको. रोज नवी वस्तू घेतलीस तर रोज पहिल्याच दिवशी राहशील.

आणि तांब्या लवकर संपतही नाही. गळ्यापाशी खिडकीचा उजेड बारीक पट्टी होऊन येतो, पोटावर तोच पसरतो. ढग आले की पट्टी विरते. शेजारी लाल टोमॅटो ठेवलास तर स्टीलच्या पोटात तो चपटा होऊन उतरतो. पाणी भरून वरून बघितलंस तर तोंडाच्या लंबगोलात पाण्याचा आणखी एक लंबगोल दिसतो. दुसऱ्या आठवड्यात तू कंटाळशील, हे धरून चाल. तेव्हा वस्तू बदलू नकोस, फक्त स्वतःची जागा बदल. आज खुर्चीवर बसून, उद्या जमिनीवर बसून.

माझं हे म्हणणं आबालाल रहिमानांच्या कामावरून आलेलं आहे. मुंबईला जे. जे. मध्ये शिकून ते कोल्हापुरात परतले, शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, आणि पुढे कोटीतीर्थाचं तळं हाच त्यांचा विषय झाला. तेच पाणी, तोच काठ, तीच झाडं, फक्त उजेड निराळा. १९३१ साली ते गेले. त्यांचं पुष्कळसं काम आज मिळत नाही, पण जे उरलं आहे त्यात पाण्याकडे किती काळ बघितलं असेल ते कळतं. एकच तळं पुन्हा पुन्हा काढणाऱ्याला प्रत्येक चित्र शेवटचा शब्द असल्यासारखं काढावं लागत नाही. आज संध्याकाळचा रंग हुकला तर तळं उद्याही तिथेच असतं. माझ्या मते तुझा हात मोकळा व्हायला याहून चांगला उपाय नाही.

वेळेचं सांगते. ‘रोज सात वाजता’ असं ठरवू नकोस, साडेसात झाले की आजचा दिवस गेला असं वाटून सोडून देशील. चित्राला रोजच्या कामाशी बांध. सकाळी डब्यासाठी कुकर लावतेस ना? झाकण लावलं की बस आणि गॅस बंद करायला उठलीस की चित्र संपलं. परीक्षेत कशी घंटा झाली की कागद गोळा करत, तसं. ग्रेड परीक्षांबद्दल माझ्या काही तक्रारी आहेत, स्मरणचित्राला मुलं पाठ केलेली छत्री आणि पाठ केलेला फुगेवाला काढतात त्याची मला फार चीड होती. पण घंटा ही त्या परीक्षेतली उत्तम गोष्ट. चित्र आपल्याला ‘पूर्ण’ वाटेपर्यंत थांबायची मुभाच नाही. तुझा तांब्या अर्धा राहिला तर अर्धा राहू दे. अर्ध्यावर सोडलेली कड दुसऱ्या दिवशी आपणहून बोलावते.

सामान कपाटात ठेवू नकोस. पाटी, पेन, कागद ओट्याच्या कडेला, हात लांबवला की मिळेल असं. काढून मांडावं लागलं की कंटाळा जिंकतो.

काढून झालं की कागदाच्या मागे तारीख घाल आणि आज काय दिसलं ते एका ओळीत लिही. ‘गळ्याखालची सावली निळसर’, ‘डावा खांदा उतरता’, असं. ‘छान’, ‘भंगार’, ‘बरं’ हे शब्द मागच्या बाजूला नकोत. मग तो कागद बुटांच्या रिकाम्या खोक्यात टाक आणि झाकण लाव. आपलं काढलेलं त्याच दिवशी पारखायचं नाही, कारण डोळ्यांसमोर खरा तांब्या असतो आणि त्याच्यापुढे कुठलीही रेघ हरते. स्टेटसला टाकू नकोस, ग्रुपवर पाठवू नकोस, मलासुद्धा नको. आपल्या माणसांचं कौतुक खोटं नसतं, पण ज्याचं कौतुक झालं तेच पुन्हा काढावंसं वाटतं, आणि जे नीट दिसत नव्हतं ते राहून जातं.

महिना भरला की खोका उघड आणि सगळे तुकडे तारखेप्रमाणे फरशीवर मांड. सर्वांत चांगलं कुठलं हे शोधायच्या भानगडीत पडू नकोस. बुडाची रेघ कुठल्या दिवशी वाकली, ते शोध. सापडेल, आणि बहुधा ज्या दिवशी चित्र बिघडलं असं वाटलं होतं त्याच्या आसपास सापडेल. बिघडल्यासारखं वाटतं ते हात बिनसल्यामुळे असेलच असं नाही. पुष्कळदा नजर एक पायरी वर चढलेली असते, आणि कालपर्यंत चालून गेलेली रेघ तिला आज खुपते.

खंड पडणारच. घरात लग्न निघेल, ताप येईल, ऑफिसात रात्र रात्र जागावं लागेल. खंड पडला की ‘उद्या दोन काढीन’ असं म्हणू नकोस. दोनाचे चार होतात, चाराचं ओझं होतं, आणि मग त्या पाटीकडे बघवत नाही. गेलेले दिवस सोडून दे, त्यांची बाकी ओढायची नाही. परत बसशील त्या दिवशी तर पूर्ण तांब्याही काढू नकोस. फक्त तोंडाचा लंबगोल काढ, दोनतीनदा, एकावर एक, खांद्यापासून हात फिरवून. तेवढ्यावर ऊठ. पुन्हा बसली आहेस, त्या दिवसापुरतं तेवढं पुरे.

आता कुणी म्हणेल, म्हणजे बाई गबाळ्या कामाला परवानगी देतायत. नाही. संकल्पचित्रात पोस्टर कलरची कड थरथरली तर ती दुरुस्त झालीच पाहिजे, अक्षरलेखनात दोन अक्षरांमधलं अंतर चुकलं तर पुन्हा लिहिलंच पाहिजे. या बाबतीत मी कधी सूट दिली नाही. पण ते काम वेगळं आणि रोजचं वेगळं. गाणारा पहाटे खरज लावतो, त्याचं तिकीट कुणी लावत नाही, आणि संध्याकाळच्या मैफलीत तो खरजाच्या सबबीवर बेसूर गात नाही. तूही तसंच कर. महिन्यातून एक चित्र मोठ्या कागदावर, सावकाश, नीट रेखाटून, हवं तर खोडरबर घेऊन कर. त्याचा दिवस आधी ठरव, आणि संपवायची वेळही आधीच ठरव, म्हणजे ते तीन महिने इझलवर उभं राहणार नाही. तुझा नीटनेटकेपणा तिथे खर्च कर. त्याला एक घर दिलंस की तो रोजच्या तुकड्यांत लुडबुड करायचा थांबतो.

रंगाची घाई नको. पहिला महिना पेनाचाच. दुसऱ्या महिन्यात कॅमलच्या वड्यांची पेटी काढ, पण दोनच रंग घे, एक उबदार तपकिरी आणि एक निळा. जलरंग तुझ्यासारखीला फार उपयोगाचा, कारण तो मागे वळून डागडुजी करू देत नाही. वॉश अर्धवट ओला असताना त्यात पुन्हा ब्रश घातलास की पाणी पसरतं, वेड्यावाकड्या कडा उठतात. आणखी सुधारायला गेलीस तर चिखल होतो. रंग लावला की ब्रश खाली ठेवायचा आणि हात मागे घ्यायचे, खरंच मांडीखाली घ्यायचे. वाळल्यावर बघू. पावसाळ्यात वाळायला इतका वेळ लागतो की कुकरच्या वेळात जमणार नाही, त्या दिवसांत सरळ पेनाकडे परत ये.

तिसऱ्या महिन्यात घराबाहेर पड. पुण्यात तुझ्या घराजवळ नदीचा घाट असेल, मंडई असेल, एसटी स्टँड तर आहेच. एक जागा निवड आणि दर रविवारी तिथेच जा, तीच पाटी आणि तेच पोस्टकार्डाएवढे तुकडे घेऊन. कुणीतरी मागे येऊन उभं राहील आणि विचारील, ‘काय काढताय?’ तेव्हा कागद झाकू नकोस. ‘तो पार काढतेय’ एवढं सांग आणि काढत राहा. लोक दोन मिनिटं थांबतात, आपला मुलगाही चित्रं काढतो असं सांगतात आणि जातात. शक्य झालं तर भिंतीला पाठ लावून बस. माणसं हलतात म्हणून घाबरू नकोस. पाठीचा बाक, डोक्यावरचं ओझं, पायांत किती अंतर आहे, तेवढंच आधी पकड. चेहऱ्यात शिरू नकोस. पहिले काही रविवार बसलेल्यांनाच काढ, भाजीवाली, पेपर वाचणारे आजोबा. मग रांगेत उभे असलेले घे. चालती माणसं अगदी शेवटी.