जुन्या ॲम्प्लिफायरची पारख : वजनावर जाऊ नका, आत पाहा

मुंबईच्या चोर बाजारात, लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या ॲम्प्लिफायरना आजही गिऱ्हाईक आहे. आखातात नोकरी केलेल्या बांधवांनी आणलेले जपानी सेट कोकणातल्या कित्येक घरांत माळ्यावर पडून आहेत. हा माल घेणाऱ्या-विकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे. जितका सेट जुना आणि जड, तितका तो मजबूत. हा समज अर्धाच खरा आहे. उरलेल्या अर्ध्यात व्यापाऱ्याचे भांडवल बुडते. म्हणून आपण दशकवार बांधणी तपासून पाहू.

१९५० ते १९६५ : व्हॉल्व्हचा काळ

इंग्लंडचा क्वाड टू (१९५३, १५ वॉट) आणि अमेरिकेचा मॅकिंटॉश एमसी २७५ (१९६१, दर चॅनेलला ७५ वॉट) हे या काळाचे नामांकित नमुने. जाड पत्र्याची चासी, भक्कम ट्रान्सफॉर्मर आणि बहुधा टॅगबोर्डवर हाताने केलेली जोडणी. प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, सुटा काढता येतो, बदलता येतो. कारागिराच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची बांधणी नाही.

पण त्या काळचे कागदी कंडेन्सर गळतात, रबरी वायरचे वेष्टण तडकते. गळक्या कंडेन्सरमुळे व्हॉल्व्ह तापतो आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे सेटचा जीव. तो जळका असेल तर बाकी सेट कितीही चकचकीत असो, भाव निम्म्याहून खाली धरावा.

सत्तरचे दशक : वजनाचा काळ

१९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला, की जाहिरातीतला वॉटचा आकडा सलग चालणाऱ्या ताकदीचा असावा. मोजणीपूर्वी सेट एक तास तृतीयांश ताकदीवर चालवायचा होता. त्या पातळीवर ट्रान्झिस्टर अतिशय तापतात. त्यामुळे कंपन्यांना हीट सिंक आणि ट्रान्सफॉर्मर मोठे करावेच लागले. त्यात वॉटची चढाओढ लागली. पायोनियरचा एसएक्स १९८० (१९७८) दर चॅनेलला २७० वॉटचा आणि सुमारे ३५ किलो वजनाचा होता.

हे वजन खरे आहे, दिखाऊ नाही. तरीही या सेटमध्ये स्विच, कंट्रोल आणि रिले भरपूर, आणि काळाने सर्वांना कीट चढतो. भाग चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद काही सेटमध्ये तपकिरी होऊन तारा खातो. दुरुस्ती शक्य आहे, पण मजुरीचे तास जास्त लागतात. ते तास खरेदीच्या भावातच धरावेत.

ऐंशी-नव्वदचे दशक : काटकसरीचा काळ

१९८५ मध्ये एका डॉलरला सुमारे २४० येन मिळत; १९८६ च्या अखेरीस सुमारे १६०. जपानी माल परदेशात महागला आणि कारखान्यांना खर्च कापणे भाग पडले. लहान ट्रान्सफॉर्मर, पातळ पत्रा, प्लॅस्टिकचे तोंड आणि सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके जातीचे आयसी असा माल वाढला. जुन्या क्रमांकांचे अस्सल एसटीके आता तयार होत नाहीत आणि बाजारात बनावट पुष्कळ आहेत. नव्वदच्या होम थिएटर सेटमध्ये तर सारा कारभार एका कंट्रोल आयसीच्या हाती. तो गेला की सेट भंगार.

म्हणून हलका माल सगळाच टाकाऊ समजू नये. एनएडी ३०२० (१९७८) केवळ २० वॉटचा, साधा सेट. पण त्यात सुटे ट्रान्झिस्टर आहेत, म्हणून तो आजही दुरुस्त होतो. आमच्या मते मजबुतीची खरी कसोटी हीच आहे : बिघडलेला भाग काढता येतो का, आणि त्याच्या जागी दुसरा मिळतो का?

खरेदीपूर्वी पाच गोष्टी

१. मागची पट्टी वाचा. जपानचा सेट १०० व्होल्टचा, अमेरिकेचा १२० व्होल्टचा असतो. व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नका.

२. पहिल्यांदा सेट सिरीज बल्बवर चालू करा. बल्ब प्रखर पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

३. ट्रान्झिस्टर सेटच्या स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असावे. व्होल्टभर दिसले तर स्पीकर जोडू नका.

४. व्हॉल्व्ह सेट स्पीकर न जोडता चालवू नका. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात. ते रेझिस्टरने उतरवल्याशिवाय हात घालू नका.

५. झाकण उघडूनच सौदा करा. कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, ते टिपून घ्या.

हीच टिपणी विकताना बिलावर लिहावी. काय बदलले, काय जुने ठेवले आणि कोणता दोष शिल्लक आहे, हे तिघांचे तीन ओळींत लिहिता येते. वजन दाखवून विकलेला सेट महिन्याभरात परत येतो आणि बाजारात नाव खराब होते. दोष सांगून विकलेल्या सेटला भाव थोडा कमी येईल, पण तेच गिऱ्हाईक पुढचा सेट घ्यायला आपल्याच दुकानात येईल.