धारेश्वराचे दर्शन : भाविकांसाठी सुरक्षित यात्रेचा पाठ



रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत श्री क्षेत्र मार्लेश्वर वसलेले आहे. कोकण रेल्वेच्या संगमेश्वर रोड स्थानकावरून अथवा मुंबई-गोवा महामार्गावरून देवरुखमार्गे मारळ गावी यावे आणि तेथून पुढे डोंगराच्या पायथ्याशी पोहोचावे. काही शे पायऱ्या चढून गेल्यावर गुहेतील श्रीशंकराचे दर्शन घडते. परंपरेने समयांच्या मंद प्रकाशात उजळणारा हा गाभारा आणि मकरसंक्रांतीला साखरप्याच्या श्रीगिरिजादेवीशी होणारा देवाचा विवाहसोहळा, यांची कीर्ती दूरवर पोहोचली आहे. या देवस्थानाचे दुसरे वैभव म्हणजे समोरच्या कड्यावरून झेपावणारा धारेश्वर धबधबा. त्याचेच पाणी पुढे बाव नदीचे रूप घेते.

वर्षाऋतूत येणारे बहुसंख्य भाविक देवदर्शनानंतर धबधब्याकडे वळतात. ते स्वाभाविकच आहे. परंतु देवाच्या गाभाऱ्याला जसा उंबरा असतो, तसाच तो धबधब्यालाही असतो. तो दगडात कोरलेला नसल्यामुळे दिसत नाही, इतकेच. तो उंबरा कोठे आहे हे ओळखता यावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका श्रावणी सोमवारची गोष्ट

काही वर्षांपूर्वीचा हा प्रसंग. सकाळपासून पावसाने उघडीप दिली होती. चांगले ऊन पडले होते. देशावरून आलेले एक कुटुंब दर्शन आटोपून पात्रातील कातळावर उतरले. आई-वडील, दोन मुले आणि त्यांचा मामा. पाणी जेमतेम घोट्याएवढे होते. मुले खेळत होती, मामा छायाचित्रे काढीत होते.

काठावरून जाणाऱ्या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना हाक मारली, “पोरांनो, वर चला. पाण्याचा रंग बघा.” मामांनी हसून उत्तर दिले, “आजोबा, ऊन पडलंय की!” त्यावर आजोबांनी काठीने डोंगराच्या माथ्याकडे बोट दाखविले. माथा दिसतच नव्हता. तेथे काळे ढग उतरले होते. वडिलांना त्या स्वरातील निकड जाणवली. त्यांनी धाकट्याला उचलले आणि सारे वर आले. पाव तासाच्या आत ज्या कातळावर ती मुले खेळत होती, तो कातळ तांबड्या पाण्याखाली दिसेनासा झाला. मुलाची एक चप्पल तेवढी गेली.

नंतर ते कुटुंब आमच्या कार्यालयात येऊन बसले. आईचे हात थरथरत होते. वडिलांनी आजोबांना काही रक्कम देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, “पैसे कसले? गावी जाऊन चार जणांना सांगा.” प्रस्तुत लेख हा त्याच सांगण्याचा एक भाग आहे.

पाणी अचानक का वाढते?

धबधबा आपल्यासमोर पडतो, परंतु त्याला पाणी पुरविणारा पाऊस बहुधा आपल्या डोक्यावर पडत नसतो. तो वरच्या डोंगरउतारांवर आणि घाटमाथ्यावर पडत असतो. तेथील असंख्य लहान-मोठे पऱ्हे एकत्र येऊन एकाच घळीतून खाली उतरतात. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, आणि उतार तीव्र असल्याने पडलेले पाणी थोड्याच वेळात कड्यापाशी पोहोचते. म्हणून पायथ्याशी ऊन असतानाही धबधब्याला लोंढा येऊ शकतो.

याचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी जमते. त्या हिशेबाने केवळ एक चौरस किलोमीटर डोंगरावर 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर 10 कोटी लिटर पाणी पडले असे होते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात एका दिवसात एवढा पाऊस होणे मुळीच दुर्मीळ नाही. त्यातील बरेचसे पाणी एका अरुंद घळीतूनच वाट काढणार. तेव्हा “आत्ता तर पाणी घोट्याएवढेच आहे” या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

पाणी देत असलेल्या सूचना

लोंढ्याची चाहूल अनेकदा आधी लागते. मात्र ती ओळखता आली पाहिजे. पुढीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी वस्तू गोळा करीत न बसता तत्काळ पात्रातून उंच जागी यावे.

1. नितळ पाणी गढूळ किंवा तांबूस होऊ लागणे.
2. पाण्याबरोबर पालापाचोळा, काटक्या, फेस वाहत येणे.
3. धबधब्याचा आवाज बदलणे, घरघर अथवा गडगड वाढणे.
4. मघाशी उघडा असलेला दगड पाण्याखाली जाणे.
5. डोंगराचा माथा ढगांत झाकला जाणे वा तिकडे विजा चमकणे.

पात्रात उतरण्यापूर्वी काठावरील एखादा दगड खूण म्हणून लक्षात ठेवावा आणि दर काही मिनिटांनी त्याकडे पाहावे, ही गावकऱ्यांची साधी रीत अनुकरणीय आहे. पात्राच्या दोन काठांवर मंडळींनी विभागून बसू नये, कारण मध्ये पाणी वाढल्यास पलीकडचे तेथेच अडकतात. अडकल्यास ओलांडण्याचे साहस न करता उंच जागी थांबावे. डोंगरातील लोंढा चढतो लवकर, तसा पाऊस थांबल्यावर पुष्कळदा उतरतोही लवकर.

गुडघाभर पाण्याचे बळ

पुष्कळांचा समज असा की, पोहता येत असल्यास भय नाही. हा समज घातक आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघ्याएवढे वेगवान पाणीही धडधाकट माणसाचे पाय उचलते. धारेखालचे पाणी फेसाळ असते. त्यात हवा मिसळलेली असल्याने ते अंगाला नेहमीप्रमाणे तोलून धरीत नाही, आणि पट्टीचा पोहणाराही तेथे खाली जातो. डोहाचा तळ वर्षावर्षाला बदलतो. गेल्या वर्षी जेथे वाळू होती, तेथे यंदा धोंडा असू शकतो. म्हणून डोहात सूर मारणे सर्वथा वर्ज्य समजावे. धारेच्या थेट खाली उभे राहणेही टाळावे, कारण पाण्याबरोबर वरून दगड व ओंडके येतात.

दिनांक 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणानजीकच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले व मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुले होती. पाणी अचानक वाढल्यावर ती मंडळी प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी होती. परंतु पाण्याच्या बळापुढे मायेची ती मिठी टिकली नाही. त्यानंतर वर्षभराने, 15 जून 2025 रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. पहिली घटना प्रवाहात उभे राहण्याचा, तर दुसरी गर्दीमागून जाण्याचा धोका सांगते. जेथे शंभर माणसे उभी आहेत ती जागा सुरक्षितच असेल, असे कदापि गृहीत धरू नये.

निघण्यापूर्वी आणि वाटेवर

* घरून निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल या क्रमाने गांभीर्य वाढते. 24 तासांत 115.6 मिलिमीटर वा अधिक पाऊस म्हणजे अति मुसळधार आणि 204.5 मिलिमीटरपासून पुढे अत्यंत मुसळधार, अशी विभागाची वर्गवारी आहे. नारिंगी वा लाल इशारा असल्यास यात्रा पुढे ढकलावी. देव तेथेच आहे, तो कोठे जात नाही.
* विजांची माहिती देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले उपयोजन भ्रमणध्वनीवर घ्यावे. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास पक्क्या आडोशाला जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली थांबू नये.
* सकाळी लवकर यावे आणि उजेड असतानाच पायऱ्या उतरून खाली पोहोचावे. डोंगरात ढग उतरले की अंधार वेळेआधी होतो.
* पायांत घट्ट बसणारी व खाचांचा तळ असलेली पादत्राणे असावीत. हिरवे वा काळसर शेवाळ दिसल्यास तेथे पाय ठेवू नये. ओल्या पायऱ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना घसरण्याचा संभव अधिक असतो. म्हणून कठड्याच्या बाजूने, एकामागे एक, सावकाश उतरावे.
* डोंगरात छत्रीपेक्षा अंगभर पावसाळी डगला बरा. त्याने दोन्ही हात मोकळे राहतात व वाऱ्याने तोल जात नाही.
* हृदयविकार, दमा वा गुडघेदुखी असणाऱ्यांनी आपली औषधे जवळ ठेवावीत, टप्प्याटप्प्याने विसावा घ्यावा. धाप लागली असता “अजून थोडेच राहिले” असे म्हणून वडीलधाऱ्यांना पुढे ओढू नये.
* मुलांचा हात एका जबाबदार व्यक्तीने धरावा. ‘सगळे लक्ष ठेवून आहेत’ असे म्हटले की बहुधा कोणाचेच लक्ष नसते.
* छायाचित्र घेताना मागे मागे सरकू नये. कठडा ओलांडू नये. मद्यपान करून पाण्याजवळ जाणे हा देवाचा अवमान आहेच, पण तो स्वतःच्या जिवाशीही खेळ आहे.

प्रसंग ओढवल्यास

कोणी प्रवाहात पडल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये. अशा वेळी वाचविण्यास गेलेलेही अनेकदा बुडतात. दोरी, लांब काठी, बांबू, तेही नसल्यास एकमेकांस बांधलेली उपरणी वा साडी काठावरूनच पुढे करावी. स्वतः आडवे पडून वा झाडाला धरून आधार घ्यावा. वाहून जाणाऱ्याने शक्य असल्यास पाठीवर पडून पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला ठेवावेत आणि तिरकस काठाकडे सरकावे.

बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नये. श्वास चालू नसल्यास तोंडाने कृत्रिम श्वास व छातीवर दाब देणे त्वरित सुरू करावे. प्रशिक्षित व्यक्ती उपलब्ध असल्यास तिला पुढे करावे. सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 या क्रमांकांवर संपर्क साधावा. डोंगरात भ्रमणध्वनीचे जाळे मिळेलच असे नाही, म्हणून एकाने जखमीजवळ थांबावे व दुसऱ्याने मदतीसाठी खाली जावे.

हा परिसर सर्पांचाही आहे. त्यांना डिवचू नये, दगडांच्या फटीत हात घालू नये. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व विनाविलंब रुग्णालय गाठावे. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपचार आहे, मंत्रतंत्र नव्हे.

देणगीदारांस निवेदन

“देवासाठी काय द्यावे?” अशी पृच्छा अनेक दानशूर मंडळी कार्यालयात करतात. देवाला आभूषणे शोभतात, यात शंका नाही. तथापि मजबूत कठडा, ठळक अक्षरांतील सूचनाफलक, जाड दोरखंड, तरते कडे, उचलून नेण्याची डोली, प्रथमोपचाराची पेटी या वस्तूही देवाच्याच सेवेत रुजू होतात. गावातील तरुणांना बचावाचे व प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देण्यास साहाय्य करणे, हे तर त्याहून मोठे दान. ज्याच्या घरचे माणूस सुखरूप परत जाते, त्याला दात्याचे नाव कधी कळतही नाही. असे दान निरपेक्ष ठरते.

अखेरची विनंती

आपल्याकडे शिखराचे दुरून दर्शन घेऊनही यात्रा पूर्ण झाल्याचे मानतात. वृद्ध मंडळी पायथ्यावरून हात जोडतात, तो नमस्कार देवाला पोहोचतो अशी आपली श्रद्धा आहे. मग धबधब्याच्या बाबतीतच जवळ जाण्याचा हट्ट कशासाठी? काठावर उभे राहावे, अंगावर येणारे तुषार घ्यावेत, डोळे भरून ती धार पाहावी. तेवढ्याने दर्शन पूर्ण होते. गावकरी “वर या” म्हणाले, तर वाद न घालता वर यावे. त्यांनी हे पाणी आयुष्यभर पाहिले आहे.

गावी परतल्यावर ही माहिती आणखी चार जणांना आवर्जून सांगावी, ही नम्र विनंती. आपण जितके जण आलात, तितकेच सुखरूप घरी पोहोचावेत आणि पुढील वर्षी पुन्हा दर्शनास यावेत, हीच श्री मार्लेश्वरचरणी प्रार्थना.