निवृत्त जवानाची झोप : एक विचार

अन्न, पाणी आणि हवा यांच्या बरोबरीने झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे. परंतु भूक लागली म्हणजे माणूस मागतो. झोप येत नसली तर तो बहुधा कोणाजवळ बोलत नाही. सैन्यातून परत आलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. मी देऊळघाटचा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे (मिलिटरी) येथे घरोघरी फौजी आढळतात. आमच्या बुलढाण्याकडे मात्र सैनिकांची घरे गावोगावी विखुरलेली आहेत. त्यामुळे आपले दुखणे समजेल असा सोबती निवृत्त जवानाला शेजारी मिळेलच असे नाही. मानसशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने या प्रश्नाचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

झोप कशाने येते व कशाने उडते ?

स्विस शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोरबेली यांनी 1982 साली झोपेची दोन कारणे एकत्र मांडली. पहिले म्हणजे झोपेची भूक. आपण जितका वेळ जागे राहू तितकी ती वाढते. दुसरे म्हणजे शरीरातील घड्याळ. ते उजेड-अंधाराप्रमाणे चालते. ही दोन्ही जुळली की गाढ झोप लागते.

सैनिकाच्या नोकरीत ती जुळणे कठीण असते. पहारा दोन-दोन तासांच्या पाळीने असेल तर झोपेचे तुकडे होतात. सियाचीनमध्ये 1984 पासून आपले जवान तैनात आहेत. तेवढ्या उंचीवर विरळ हवेमुळे झोपेत श्वास मधूनमधून थांबतो व माणूस दचकून जागा होतो. या सर्वांच्या जोडीला सावधपणा असतो. सीमेवर हा सावधपणा प्राण वाचवितो. परंतु घरी परतल्यावर तो बदलीच्या हुकुमाने उतरत नाही. आमच्या नात्यातील एक फौजी काका उन्हाळ्यात अंगणात खाट टाकतात ती भिंतीला लावून आणि तोंड फाटकाकडे करून. ते घाबरट आहेत असे कोणी म्हणणार नाही. शरीर शिकलेले विसरलेले नाही, एवढाच याचा अर्थ.

युद्धाचा असा परिणाम पूर्वीही दिसला होता. पहिल्या महायुद्धात 1915 साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी त्याला 'शेल शॉक' या नावाने वैद्यकीय लिखाणात आणले. पुढे 1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आघातोत्तर ताणविकृतीची नोंद झाली. वारंवार पडणारी भयानक स्वप्ने आणि झोप न लागणे ही त्या विकाराची प्रमुख लक्षणे होत. अर्थात झोप न येणारा प्रत्येक माजी सैनिक या विकाराने ग्रस्त असतो असे मात्र नाही.

निवृत्तीनंतरचा पहारा

जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास निवृत्त होतो. संसार ऐन भरात असतो, म्हणून तो दुसरी नोकरी पाहतो. ती पुष्कळदा सुरक्षारक्षकाची, म्हणजे पुन्हा रात्रीच्या जागरणाची. शेती करावी म्हटले तर कृषिपंपाची वीज कित्येकदा रात्री येते, आणि हरभऱ्याला पाणी द्यायला बॅटरी घेऊन जावे लागते. अशा रीतीने पहारा बदलतो, पण संपत नाही. मग झोपेसाठी कोणी दोन पेग घेतो. दारूने डोळा लवकर लागतो हे खरे. परंतु उत्तररात्री तीच झोप मोडते आणि घोरणे वाढविते.

घरच्यांची झोप

या प्रश्नाचा दुसरा भाग घरच्या स्त्रीचा आहे. नवरा सीमेवर असताना ती लेकरांना घेऊन वर्षानुवर्षे सावध निजलेली असते. तो परत आल्यावर त्याच्या ओरडण्याने ती पुन्हा जागी होते. आमच्या काकू सांगतात, "यायले हालवून उठवाचं नाई, पायथ्याशी उभं राहून आवाज द्याचा." काकूंनी हे कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही; परंतु दुःस्वप्नात असलेल्या माणसाला अंगाला हात न लावता, थोडे दूर राहून नावाने हाक मारावी, हाच सल्ला जाणकारही देतात.

उपाय

झोपेच्या गोळ्या हा पहिला उपाय नव्हे. जुनाट निद्रानाशावर विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती प्रथम वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने 2016 साली केली. तिची सूत्रे साधी आहेत. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ एकच ठेवावी. झोप आल्याशिवाय अंथरुणावर पडू नये. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसावे. नाहीतर अंथरूण हेच जागरणाचे ठिकाण होऊन बसते. चार वाजल्यानंतरचा चहा टाळावा. वारंवार पडणाऱ्या वाईट स्वप्नाचा शेवट दिवसा बदलून तो मनात घोळविण्याचीही एक पद्धत आहे. ती तज्ज्ञांकडून शिकावी. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे हा मात्र वेगळा आजार आहे. त्यासाठी डॉक्टरांची तपासणीच हवी.

माजी सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी 2003 पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर 2022 पासून मराठीतही बोलता येते. तेथे पत्नीनेही बोलावे. तिची झोपही तितकीच महत्त्वाची आहे.

15 ऑगस्टला आपण माजी सैनिकाला शाल-श्रीफळ देतो. ते योग्यच आहे. पण त्याच्या चिडचिडीला 'फौजी स्वभाव' म्हणून हसण्यापूर्वी, "रात्री झोप लागते का ?" एवढे त्याला विचारले पाहिजे. ज्याने आपल्यासाठी रात्री जागून काढल्या, त्याला स्वतःच्या घरी निर्धास्त झोप लागावी, हे पाहणे गावाचेही काम आहे.